पुणं जेव्हा परराष्ट्र होतं

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा इतिहास मागे मागे नेत गेलं की तो १३ सप्टेंबर १७८३ या तारखेला जाऊन थांबतो. त्या दिवशी कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एक नवं खातं काढायचा ठराव केला. वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारात 'गुप्त आणि राजकीय' कामाचा बोजा फार झाला होता, तो हलका करायला हे खातं. पुढे त्याचंच फॉरेन डिपार्टमेंट झालं.

आता जरा विचार करा. १७८३ साली कोलकात्यात बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला 'परराष्ट्र' म्हणजे कोण? फ्रान्स, हॉलंड हे विषय लंडनच्या अखत्यारीतले. कोलकात्याचं परराष्ट्र म्हणजे पुणं, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर. आदल्याच वर्षी, मे १७८२ मध्ये, सालबाईचा तह झाला होता. म्हणजे आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जी पोरं-पोरी फॉरेन सर्व्हिसचं स्वप्न बघत बारा-बारा तास बसतात, त्यांच्या त्या स्वप्नातल्या खात्याचा पहिला धडा त्याच पुण्यावर नजर ठेवण्याचा होता!

मी राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी निकाल लागले की मेसेज सुरू होतात: "सर, इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एम.ए. करू का? स्कोप आहे का?" पालकांचे फोन वेगळे. त्यांचा प्रश्न अजून थेट असतो, "हे करून नोकरी कुठे लागते?" प्रश्न रास्तच आहे, पण त्याचं उत्तर दोन ओळींत द्यायला गेलं की खोटं होतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. आणि सुरुवात इतिहासापासून करतोय, कारण या विषयात नोकरी कोणाला मिळते, का मिळते, हे इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

तर पुन्हा अठराव्या शतकात. मराठ्यांना परराष्ट्र व्यवहार कळत नव्हता असं समजायचं कारण नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा नाशिकचे महादेवभट हिंगणे दिल्लीत वकील म्हणून राहिले. त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी ते काम चालवलं. या घराण्याची पत्रं 'हिंगणे दप्तर' म्हणून छापली गेली आहेत. बादशहाच्या दरबारात कोण कोणावर रुसलंय, कोणाचा पगार थकलाय, कोणाची फौज कुठे हललीय, असली सगळी खबर त्यांत सापडते. हैदराबादेत गोविंदराव काळे नाना फडणवीसांना असंच सगळं कळवत असत. आजच्या राजदूताच्या कामाचा मोठा भाग हाच आहे, फक्त कागदाचा रंग बदलला.

आणखी मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांबद्दल स्पष्ट इशारा आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नाहीत, यांच्यामागे राजे आहेत, यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नका, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी हे लिहून ठेवतो, ही साधी गोष्ट नाही.

मग अडलं कुठे? माझ्या मते अडलं ते समुद्रापलीकडे. दिल्लीची नस आपल्याला ठाऊक होती, लंडनची नव्हती. नाही म्हणायला एक प्रयत्न झाला. राघोबादादांनी हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला पाठवलं, सोबत पारशी दुभाषे. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी नेलं आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकाची सोय व्हावी म्हणून बागेतली काचेची खोली रिकामी करून दिली. परतल्यावर हनुमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पण ते होते राघोबादादांचे वकील, आणि राघोबादादा म्हणजे पुणे दरबाराचे शत्रू. जो माणूस इंग्रजांची राजधानी डोळ्यांनी बघून आला, तो चुकीच्या पक्षाचा होता! पार्लमेंट काय असतं, कंपनी आणि ब्रिटिश सरकार यांच्यात भांडण कशावरून आहे, हे नानांच्या दप्तराला आपल्या माणसाच्या तोंडून कळायची एक वाट होती, ती अशी गेली.

तिकडे कंपनी काय करत होती बघा. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यात आला आणि संगमावर बंगला बांधून राहिला. दहा-अकरा वर्षं बसून त्याने बातम्या तर जमवल्याच, शिवाय जेम्स वेल्ससारख्या चित्रकाराला आणि आपल्या गंगाराम तांबटाला हाताशी धरून माणसं, लेणी, देवळं सगळी कागदावर उतरवून घेतली. १८०० मध्ये कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, कंपनीच्या नव्या अधिकाऱ्यांना तयार करायला. तिथे मराठी हा शिकवायचा विषय होता. शिकवणारा कोण, तर विल्यम केरी. त्याच्या मदतीला वैजनाथ पंडित. केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं, शब्दकोश १८१० मध्ये. असईची लढाई १८०३ ची. एकीकडे तोफा चालू आहेत आणि दुसरीकडे विभक्ती-प्रत्ययांचे तक्ते तयार होतायत.

आज ज्याला विद्यापीठात 'एरिया स्टडीज' म्हणतात, म्हणजे एखादा प्रदेश, त्याची भाषा, तिथले लोक, हिशेब, हेवेदावे यांचा मुळापासून अभ्यास, तो इथे आपल्यावर झाला. आपण अभ्यासाचा विषय होतो, अभ्यासक नव्हतो. १८१८ हे केवळ त्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्याला पैसा, फौज, भाऊबंदकी अशी दहा कारणं आहेत. पण एल्फिन्स्टनला पेशवाईतला कोणता सरदार कशाने फुटेल हे जितकं माहीत होतं, त्याच्या दशांशही बाजीरावाच्या दरबाराला कोलकात्याबद्दल माहीत नव्हतं.

एक मोठी उडी मारून १९१९ वर येतो, कारण 'आंतरराष्ट्रीय राजकारण' हा विद्यापीठातला स्वतंत्र विषय तेव्हा जन्मला. वेल्समध्ये ॲबरिस्टविथ नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या कॉलेजचे विद्यार्थी मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस या कोळसा-उद्योगातल्या धनिकाने आणि त्याच्या दोन बहिणींनी पैसा दिला आणि या विषयाचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद तिथे सुरू झालं. पुन्हा असं युद्ध होऊ नये म्हणून देशादेशांतल्या संबंधांचा नीट अभ्यास करायचा, ही भावना त्यामागे होती. पुढच्या वर्षी लंडनला, नंतर चॅटम हाउस म्हणून ओळखली गेलेली, संस्था निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स.

याच १९१९ मध्ये पॅरिसला तहाची बोलणी चालू होती आणि आपले लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते, चिरोलच्या खटल्यासाठी. काँग्रेसने शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव ठरवलेलं. पण पॅरिसला जायला पासपोर्ट मिळाला नाही. मग टिळकांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवलं. त्यात रडगाणं नाही. स्वयंशासित हिंदुस्थान आशियातल्या शांततेला आणि स्थैर्याला उपयोगी पडेल, असा मुद्दा आहे. समोरच्याला काय हवंय ते ओळखून आपलं म्हणणं मांडणं यालाच तर मुत्सद्देगिरी म्हणतात! व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या मात्र भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. देश गुलाम, पण राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य. जगाच्या टेबलावर आपल्या नावाची पाटी होती, मागे बसलेला माणूस आपला नव्हता.

१९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा तेच. संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन होत होता, अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेलं. त्या वेळी विजयालक्ष्मी पंडित कोणत्याही पदाशिवाय तिथे पोचल्या आणि त्यांनी स्वतंत्र भारताची बाजू मांडली. (जाता जाता: त्यांचं 'पंडित' हे सासरचं आडनाव कोकणातलं. रणजित सीताराम पंडित, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार, यांचं घराणं मूळ तिकडचं.) आठ वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच बाई राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या.

स्वातंत्र्य येणार हे दिसायला लागलं तसा एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. वकिलाती उघडायच्या, पण माणसं कुठून आणायची? ऑक्टोबर १९४६ मध्ये परराष्ट्र सेवा स्थापन करायचं ठरलं, पण परीक्षा देऊन येणारी मुलं तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर आयसीएसवाले, लष्करातले, संस्थानिक, पत्रकार, प्राध्यापक, जो हाताशी लागेल तो. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत त्यातलेच. ज्यांच्या वडिलांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपलं संस्थान प्रजेच्या हाती दिलं, त्या घरातला हा मुलगा १९४८ मध्ये नेहरूंनी नैरोबीला पाठवला. तिथे आफ्रिकी स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांनी इतकी जवळीक केली की ब्रिटिश वसाहत सरकार वैतागलं.

अभ्यासाचीही तीच गत होती. १९४३ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स निघाली, पहिले अध्यक्ष तेजबहादूर सप्रू. १९४७ ची आशियाई परिषद याच संस्थेने भरवली. तिची दिल्लीतली इमारत म्हणजे सप्रू हाउस. तिथेच १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाली, संचालक ए. अप्पादोराई. आपल्या देशात हा विषय खऱ्या अर्थाने इथे उभा राहिला. सिद्धांत शिकवले जातच, पण कणा होता तो प्रदेश-अभ्यासाचा. कोणी पश्चिम आशिया घ्यायचा, कोणी रशिया, कोणी आग्नेय आशिया, आणि त्या प्रदेशाला आयुष्य द्यायचं. १९७० मध्ये ही संस्था जेएनयूत विलीन झाली. सध्याचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पीएच.डी. तिथलीच.

आता ज्या माणसासाठी मी हा सगळा पसारा मांडला, त्याच्याकडे येतो.

पुण्यात फर्ग्युसनमध्ये तेव्हा पु. वि. बापट, वासुदेव गोखले यांच्यासारखे बौद्ध विद्येचे अभ्यासक होते. मूळ संस्कृत ग्रंथ हरवलेत, पण चिनी आणि तिबेटी भाषांतरं शिल्लक आहेत, म्हणून ही माणसं चिनी-तिबेटी शिकली. कोणाला वाटावं, काय हा निरुपयोगी उद्योग! कोणत्याही पालकाने विचारलं असतं, "चिनी शिकून नोकरी कुठे लागते?"

१९४७ मध्ये भारतातून काही विद्यार्थी शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले. त्यांत व्ही. व्ही. परांजपे होते. भाषा शिकायला गेलेल्या या तरुणाच्या डोळ्यांदेखत १९४९ मध्ये तिथलं राज्यच बदललं. भारताने नव्या चीनमध्ये वकिलात उघडली तेव्हा चिनी बोलणारा, तिथली माणसं ओळखणारा भारतीय शोधायला लांब जावं लागलं नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरू चीनला गेले. माओंशी त्यांची बोलणी झाली, त्या खोलीत दुभाषे होते परांजपे. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या लोकसंख्यांचे नेते बोलतायत आणि एकाचं वाक्य दुसऱ्यापर्यंत पोचतंय ते एका मराठी माणसाच्या कानातून. ते पुढे राजदूत झाले, पण मला त्या राजदूतपदापेक्षा खोलीतली ती खुर्ची जास्त मोलाची वाटते.

असे परांजपे आपल्याकडे किती होते? मोजके. १९६२ मध्ये त्याची किंमत कळली. युद्धानंतर दोन वर्षांनी दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचा विभाग उघडला. आधी मार, मग अभ्यास! यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर १९६५ मध्ये, आयडीएसए ही संरक्षण-अभ्यासाची संस्था निघाली तीही याच धड्यातून. (तिला आता मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. म्हणजे स्थापनेच्या वेळी कराडचा माणूस आणि पाटीवर गोव्याचा. आपल्याकडच्या किती मुलांना ही संस्था माहीत आहे?)

आणि ही परंपरा तुटलेली नाही. विजय गोखले इतिहास शिकले, परराष्ट्र सेवेत त्यांनी चिनी घेतली, २०१७ मध्ये डोकलामचा पेच चालू असताना ते बीजिंगमध्ये राजदूत होते, नंतर परराष्ट्र सचिव. बीजिंगमध्ये त्यांच्या जागी आले गौतम बंबावाले, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र शिकलेले, चिनी जाणणारे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे जपानला गेले, जपानी शिकले. यातल्या कोणाच्याही पदवीवर 'इंटरनॅशनल रिलेशन्स' लिहिलेलं नव्हतं. पदवी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण पदवीच्या नावाला आपण जितकं वजन देतो तितकं ते नसतं.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. सेवेचे नियम काय होते? महिला अधिकाऱ्याने लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी, आणि लग्नानंतर संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नाही, असाही एक नियम. बढती डावलली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल देताना या नियमांवर कडक कोरडे ओढले. तोवर सरकारने एक नियम रद्द केला होता, दुसरा बदलायची तयारी दाखवली होती, आणि मुथम्मांना बढतीही देऊन टाकली होती! २००१ मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या. तेव्हा "मुलीला कसं जमेल" हे वाक्य आता तरी नको. ते सरकारने तीस वर्षं म्हणून बघितलंय.

बरं, आजचं काय?

खरं सांगायचं तर परराष्ट्र सेवा हा फार अरुंद दरवाजा आहे. दरवर्षी तीस-चाळीस जागांच्या आसपास, आणि नागरी सेवा परीक्षेचे अर्ज दहा लाखांच्या घरात. आख्ख्या देशाचा परराष्ट्र व्यवहार हजारेक अधिकाऱ्यांच्या सेवेवर चालतो, आपल्या आकाराच्या देशाला ही संख्या लाजिरवाणी आहे हे माझं स्पष्ट मत. पण त्यामुळे तुमच्या मुलाने सहा वर्षं फक्त त्या दरवाज्यासमोर बसून राहावं का? परीक्षा जरूर द्या, पण ती देताना बाकीचं शिक्षण बंद ठेवू नका.

प्राध्यापकी म्हणाल तर आमच्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची रांग बघून घ्या, मग ठरवा. संशोधन संस्था आहेत. दिल्लीत पुष्कळ, मुंबईत गेटवे हाउस २००९ पासून आहे, पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर. तिथे काम चांगलं, सुरुवातीचा पगार बेताचा. इंटर्नशिप बऱ्याचदा बिनपगारी, आणि दिल्लीचं घरभाडं कोणी माफ करत नाही. हा विषय अजूनही शहरी, इंग्रजी शाळेतल्या, घरून पाठबळ असलेल्या मुलांकडे झुकलेला आहे तो यामुळेच, बुद्धीमुळे नव्हे.

पण ज्या नोकऱ्यांना कोणी 'आंतरराष्ट्रीय राजकारण' म्हणत नाही, तिथे हे ज्ञान रोज लागतं. मुंबईत इतक्या देशांच्या वकिलाती आहेत, त्यांना इथलं राजकारण आणि उद्योग समजावून सांगणारी स्थानिक माणसं लागतात. रशियावर निर्बंध आले, इराणवर आहेत; कोणत्या जहाजाचा, कोणत्या कंपनीचा पैसा स्वीकारायचा आणि कोणाचा नाही, हे तपासणारे विभाग बँकांमध्ये आहेत, आणि ते काम मुंबई-पुण्यात चालतं. जहाज कंपन्या, विमा, निर्यातदार, सगळ्यांना तांबड्या समुद्रात काय चाललंय ते कळून घ्यावं लागतं.

नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. शेतकऱ्याचं वर्ष गेलं. तिकडे नियम कोण करतं, कधी बदलतात, आधी कुठे कळतं, हे वाचणारा एक माणूस किती मोलाचा! तीच गोष्ट कांद्याची. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात थांबवली, आणि पुढच्याच महिन्यात शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या की मी आचाऱ्याला बिनकांद्याचं जेवण करायला सांगितलंय. सगळे हसले. लासलगावात कोणी हसलं नसेल. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाकडे वळलं की परत येईलच असं नाही, आणि हा परराष्ट्र धोरणाचाच प्रश्न आहे.

म्हणून मला विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: कोणता देश? कोणती भाषा? कोणती एक वस्तू, कोणता एक प्रश्न? बहुतेक जण गप्प होतात, कारण त्यांना 'जग' हवं असतं. टीव्हीवर युक्रेन, गाझा, तैवान सगळ्यांवर एकाच संध्याकाळी बोलणारे आपण बघतो, त्यामुळे हाच विषय आहे असं वाटतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा पिढ्यान् पिढ्या शिकवल्या जातायत, जर्मन-जपानी शिकून आयटीत गेलेली शेकडो मुलं आहेत. त्यातल्या दहांनी जरी त्या देशाचं राजकारण, अर्थकारण वाचायला घेतलं तरी काय होईल! मराठीत रोज अग्रलेख पडतात, पण त्या देशाच्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचून लिहिलेला अग्रलेख तुम्ही शेवटचा कधी वाचला?

यंदा मात्र एका मुलीने मला गप्प केलं. रत्नागिरीची आहे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणता देश?" ती ताबडतोब म्हणाली, "ब्रह्मदेश." का, तर थिबा राजवाडा लहानपणापासून बघत आलेय. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केला, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ मध्ये तिथेच वारला. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. इंग्रजांनी केलेली ही अदलाबदल तिला शाळेतच खटकली होती. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिलं, जर्मन, फ्रेंच, पाली यांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते, हेही तिला ठाऊक.

मग तिने पुढचं सांगितलं. म्यानमारशी आपली सीमा १,६४३ किलोमीटरची. २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, यादवी पेटली, माणसं मिझोराम-मणिपुरात आली. आणि त्याच वर्षी आपण त्यांच्याशी करार केला, पाच वर्षं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायची. "म्हणजे सर, लातूरच्या तुरीचा भाव यांगूनच्या गोदामाशी बांधलाय." ही एकोणीस वर्षांची मुलगी. तिला 'स्कोप आहे का' हे मी सांगायचं?

तिची अडचण एकच आहे, भाषा. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसमध्ये बर्मी शिकवली जाते, पण घरची परिस्थिती अशी की पदवी होईपर्यंत तिला रत्नागिरी सोडता येणार नाही. पुण्या-मुंबईत किंवा ऑनलाइन कोणी बर्मी शिकवणारं, बर्मी घरात बोलणारं, बौद्ध विहारांतून ओळख असलेलं कोणी असेल तर मला कळवा. फी थोडी, पण नक्की मिळेल. लिपी तिने यूट्यूबवरून शिकायला सुरुवात केली आहे, तेहतीस व्यंजनं पाठ झालीत म्हणते.